आम्ही आणि आपण : शेजारभाषा व शेजारधर्म यांच्या अभ्यासाची एक दिशा

१

दूरच्या भाषेकडे वळणाऱ्या अभ्यासकास आपले अज्ञान पहिल्याच दिवशी कळून येते. लिपी निराळी, शब्द निराळे, वाक्याची घडण निराळी. त्यामुळे तो प्रत्येक पाऊल जपून टाकतो. शेजारच्या भाषेच्या बाबतीत ही सावधगिरी सहसा राहत नाही. कानावर पडणाऱ्या शब्दांपैकी बरेच ओळखीचे असतात, आणि ओळखीच्या शब्दाचा अर्थ विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. शेजारच्या धर्मपरंपरेचेही असेच आहे. देव, गुरू, भक्ती, प्रसाद हे शब्द दोन्ही घरी असले, की दोन्ही घरचा अर्थही एकच असणार असे गृहीत धरले जाते. सामीप्यामुळे शिकणे सोपे होते, ही समजूत म्हणूनच अर्धीच खरी आहे. सामीप्यामुळे शिकण्याची संधी वाढते. पण शिकण्याची गरज आहे ही जाणीव मात्र कमी होते.

या प्रश्नाचा विचार करण्यास सोलापूर आणि त्याचा परिसर यांइतके योग्य स्थळ मराठी मुलखात क्वचितच सापडेल. येथे मराठी व कन्नड या दोन भाषा शतकानुशतके एकाच बाजारपेठेत नांदत आल्या आहेत. दख्खनी उर्दू येथील मुसलमान वस्तीची भाषा आहे, आणि कापड व्यवसायाच्या निमित्ताने तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजाने तेलुगू येथे रुजविली. जिल्ह्यातच, भीमा व सीना यांच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथे, शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ मधला मराठी वाक्य असलेला शिलालेख आहे. कालनिर्देश असलेल्या मराठीच्या अतिप्राचीन पुराव्यांत त्याची गणना होते. आणि हा पुरावा आजही कन्नड व मराठी दोन्ही बोलल्या जाणाऱ्या टापूत आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या सुप्रसिद्ध मराठी लेखाचीही स्थिती अशीच आहे. तो कर्नाटकात, एका जैन क्षेत्री, कन्नड व तमिळ लेखांच्या संगतीत कोरलेला आहे. मराठीच्या आरंभकाळचे हे दोन्ही साक्षीदार शेजाऱ्याच्या अंगणात किंवा उंबरठ्यावर उभे आहेत, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाने केवळ योगायोग म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

२

मराठी समीक्षेने व संशोधनाने या शेजाराचा विचार केलाच नाही असे नाही. तो प्रामुख्याने दोन रीतींनी झाला. पहिली रीत ऋण मोजण्याची. ज्ञानेश्वरीत कन्नड शब्द किती, शिवकालीन पत्रव्यवहारात फारसी शब्द किती, याच्या याद्या करावयाच्या आणि त्यांवरून प्रभावाचे प्रमाण ठरवावयाचे, ही ती रीत होय. या याद्या उपयुक्त आहेत. परंतु ऋणाचा हिशोब पुष्कळदा मालकीच्या वादात जाऊन मिळतो. शं. बा. जोशी यांनी ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ (१९५२) या ग्रंथात महाराष्ट्रसंस्कृतीच्या कन्नड अधिष्ठानाचा प्रश्न निर्भीडपणे मांडला. त्यात विचारप्रवर्तक असे पुष्कळ होते. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेच्या आगेमागे तापलेल्या वातावरणात, हे मूळचे कोणाचे, या एकाच प्रश्नाभोवती चर्चा फिरत राहणे सोपे होते. त्यातून कोण कोणापासून काय शिकले, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडला.

दुसरी रीत समन्वयाची. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) हा या दृष्टीचा सर्वांत समर्थ आविष्कार होय. पंढरपूरच्या दैवताचे गोपजनांशी व दक्षिणेशी असलेले नाते त्यांनी स्थळपुराणे, लोककथा, शिल्प आणि संतवचने यांची साक्ष काढून उलगडले; दक्षिणेकडे पाहण्याचा मराठी अभ्यासकांचा संकोच त्यांनी मोडला. ढेरे यांच्या हाती समन्वय ही एक पुराव्याने तपासलेली ऐतिहासिक प्रक्रिया होती. पुढील लेखनात मात्र तीच संज्ञा अनेकदा निष्कर्षाची जागा घेऊ लागली. दोन परंपरा एकत्र दिसल्या, की समन्वय झाला असे म्हणून लेख संपविण्याची सवय जडली. परंतु दैवताचा समन्वय ही एक गोष्ट, आणि एका परंपरेत वाढलेल्या माणसाने दुसऱ्या परंपरेपासून काही शिकणे ही दुसरी गोष्ट. समन्वयात भेद विरतो. शिकण्यासाठी भेद दिसावा लागतो आणि शिकून झाल्यावरही तो उरतो. ही दुसरी प्रक्रिया समन्वय या संज्ञेत सामावत नाही.

३

शेजारभाषेतला भेद डोळ्याआड का होतो, हे प्रथम शब्दांच्या पातळीवर पाहावे. कन्नडमध्ये ‘तायि’ म्हणजे आई. मराठीत ‘ताई’ म्हणजे थोरली बहीण. दोन्ही शब्द नात्याचे, दोन्ही मायेचे, उच्चारही जवळजवळ सारखा. कन्नड घरातील हाक ऐकणाऱ्या मराठी माणसास काही चुकले आहे असे वाटण्याचे कारणच नाही. तरीही त्याने त्या घरातील नाते चुकीचे ओळखलेले असते. ‘तायि’ हा शब्द त्याने कधी ऐकलाच नसता तर त्याने अर्थ विचारला असता. त्याची अडचण अशी, की त्याला तो शब्द आधीच येतो.

बाराव्या शतकातील शिवशरणांचे वचनवाङ्मय मराठी वाचकापुढे येते तेव्हा हाच प्रकार अधिक गंभीर रूप घेतो. या वाङ्मयाची परिभाषा बव्हंशी संस्कृत शब्दांची आहे, आणि तेच शब्द मराठीत निराळ्या वाटेने येऊन स्थिरावले आहेत. ‘वचन’ म्हटले की मराठी मनात प्रथम दिलेला शब्द उभा राहतो. कन्नडमध्ये तो एका स्वतंत्र वाङ्मयप्रकाराचे नाव आहे. मराठीत ‘शरण’ जाणे म्हणजे हार मानणे किंवा आश्रय मागणे. वचनकारांच्या भाषेत ‘शरण’ हा शिवभक्त, साधनेत पुढे गेलेला, स्वतःच्या पायावर उभा असलेला पुरुष होय. मराठीतील ‘कायिक’ हे वाचिक व मानसिक यांच्या पंक्तीतले विशेषण आहे. ‘कायक’ म्हणजे उपजीविकेचे श्रम हीच उपासना मानणारा एक संपूर्ण विचार आहे. ‘स्थावर’ आणि ‘जंगम’ या जोडीने तर मराठी वाचक थेट मालमत्तेच्या दस्तऐवजात जाऊन पोहोचतो. बसवण्णांच्या एका प्रसिद्ध वचनात देवालये बांधणाऱ्या धनिकांसमोर देहालाच देवालय मानणारी भूमिका आहे, आणि तिचा शेवट याच दोन शब्दांवर होतो. त्या वचनाचे शब्दशः मराठी भाषांतर करता येते, एकही शब्द परका वाटत नाही, आणि तरीही त्यातील आव्हान निसटू शकते.

सोलापूरच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ भाषांतराचा राहत नाही. ज्या सिद्धेश्वरांमुळे या नगराची ओळख आहे, ते सिद्धराम हे सोन्नलिगेचे वचनकार होते. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रिकेने त्यांची वचने ओळखली जातात, आणि राघवांकाने त्यांचे चरित्र कन्नड काव्यात गायिले आहे. तलाव आणि देवालये उभारणाऱ्या या कर्मनिष्ठ पुरुषापुढे अल्लमप्रभू येऊन त्याच्या बांधकामाच्या पुण्याविषयीच प्रश्न करतात, हा ‘शून्यसंपादने’तील प्रसंग भारतीय धर्मसंवादातील एक तेजस्वी प्रसंग आहे. दोघेही शिवभक्त, दोघांचीही भाषा कन्नड. अंतर असलेच तर ते अगदी थोडे. ते थोडे अंतर अल्लमप्रभू झाकत नाहीत, उघडे करतात, आणि सिद्धराम ते समजून घेतात. तरीही त्यांच्या हातचा म्हणून सांगितला जाणारा तलाव आजही नगराच्या मध्यभागी आहे. मकरसंक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीस व अक्षता सोहळ्यास मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारे लोक एकत्र जमतात. अक्षता टाकणाऱ्या मराठी हातांपैकी सिद्धरामांचे एखादे वचन अर्थासह किती जणांच्या परिचयाचे आहे, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. सिद्धेश्वर आपलेच आहेत. आणि जे आपलेच आहे ते शिकावे लागते असे कोणास वाटत नाही.

४

हे न शिकणे समीक्षेतही कसे शिरते याचे बोलके उदाहरण ‘कानडा’ या शब्दाच्या चर्चेत मिळते. ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या एका सर्वपरिचित अभंगात विठ्ठलास हे विशेषण लावलेले आहे. त्याचा अर्थ कर्नाटकाचा असा घ्यावा, की अगम्य, आकलनास कठीण असा घ्यावा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे. जुन्या मराठीत ‘कानडा’ हा शब्द दुर्बोध या अर्थी वापरला गेला आहे, यात शंका नाही. परंतु त्याच अभंगात कर्नाटकाचाही उच्चार लगोलग होतो. तो बाजूस सारून केवळ दुसरा अर्थ पुढे करणे म्हणजे दैवताचा शेजार नाकारण्यासाठी भाषेचा आधार घेणे होय. वस्तुतः दोन अर्थांपैकी एकाची निवड करण्याची गरजच नाही. शेजाऱ्याच्या भाषेचे नावच जेव्हा दुर्बोधतेचे नाव होते, तेव्हा त्या शब्दात एक सामाजिक अनुभव साठलेला असतो. रोज कानावर पडणारी आणि तरीही न उमजणारी भाषा, हा तो अनुभव होय. विठ्ठलास ‘कानडा’ म्हणण्यात त्या अनुभवास भक्तीचे रूप आलेले आहे. जो नित्य समोर उभा आहे आणि तरीही पुरता कळत नाही, तो देव. कन्नड हरिदासांनी आपल्या मुद्रिकांत याच विठ्ठलाचे नाव गुंफले, हे ध्यानात घेतले म्हणजे ज्यास मराठी भक्त ‘कानडा’ म्हणतो तो पलीकडच्या भक्तास मात्र घरचाच वाटत होता, हेही दिसून येते.

तुकाराममहाराजांच्या गाथेत या अनुभवाची दुसरी बाजू आहे. एका अभंगात कानडी स्त्री आणि तिचा मराठी नवरा यांचा संसार आला आहे. एकाचे बोलणे दुसऱ्यास कळत नाही. ती त्याला आपल्या भाषेत जवळ बोलावते, आणि तो भलतेच समजून पळ काढतो. या अभंगाकडे केवळ विनोद म्हणून पाहण्याचा मोह होतो. परंतु तुकाराम त्याचा शेवट हशावर करीत नाहीत. दोघांत दुरावा असला म्हणजे सुखाच्या संसारातही थकवाच पदरी येतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. येथे वैर नाही, परकेपणा नाही. लग्न झालेले आहे, घर एक आहे. उणीव आहे ती एवढीच, की दोघांपैकी कोणी दुसऱ्याची भाषा शिकलेले नाही. सहवास म्हणजे परिचय नव्हे, हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे उदाहरण जुन्या मराठीत सहजी आठवत नाही.

५

आतापर्यंतच्या विवेचनावरून शेजारी परस्परांपासून काहीच शिकत नाहीत असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. शिकणे होते, परंतु समीक्षक ते जेथे शोधतात तेथे ते पुष्कळदा नसते. याचे उत्तम प्रमाण मराठीच्या व्याकरणातच आहे.

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत. ‘आम्ही जातो’ म्हणताना ऐकणारा वगळला जातो. ‘आपण जाऊ’ म्हणताना तो सामावला जातो. मराठी बोलणारे मूलही हा भेद बिनचूक पाळते. परंतु संस्कृतात केवळ ‘वयम्’ आहे. हिंदीचे ‘हम’ आणि बंगालीचे ‘आमरा’ हेही दोन्ही प्रसंगी चालते. उलट तेलुगूत ‘मनमु’ व ‘मेमु’ आणि तमिळमध्ये ‘नाम्’ व ‘नांगळ्’ अशा जोड्या आहेत, आणि त्यांतला भेद नेमका मराठीसारखा आहे. मराठी व गुजराती यांसारख्या भाषांत हा भेद द्राविडी भाषांच्या सहवासातून आला असावा, असे अनेक भाषावैज्ञानिकांचे मत आहे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ‘आपण’ हा शब्द द्राविडी नाही. तो संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातून उतरलेला, घरचाच शब्द आहे. साहित्य घरचे, मांडणी शेजाऱ्याची. कन्नड वा तेलुगू शब्दांची कितीही मोठी यादी केली तरी तीत ‘आपण’ येणार नाही. आणि तरीही मराठीने दक्षिणेकडून घेतलेल्या धड्यांत याहून खोल धडा दाखविणे कठीण आहे.

हेच तत्त्व गंपर्झ आणि विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावाच्या अभ्यासात (१९७१) सूक्ष्मपणे दाखविले. तेथे कन्नड, मराठी, उर्दू व तेलुगू या भाषा दीर्घकाळ एकत्र बोलल्या गेल्या. त्या परिणामी त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेतील वाक्याचे दुसरीत शब्दास शब्द ठेवून रूपांतर व्हावे. शब्द मात्र प्रत्येकीचे निराळेच राहिले. घरातील भाषा हे प्रत्येक समाजाचे ओळखचिन्ह होते. ते कोणी टाकले नाही. एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असा जो सिद्धान्त मांडला, त्याचे हे जणू एका गावापुरते चित्र होय. यावरून दोन निष्कर्ष निघतात. शब्द समान असले म्हणजे अर्थ समान असतोच असे नाही. आणि शब्द निराळे राहिले म्हणजे शिकणे झाले नाही असेही नाही.

६

धर्मपरंपरांच्या अभ्यासात हे दोन निष्कर्ष वापरून पाहण्यासारखे आहेत. सतराव्या शतकातील श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ घ्यावा. जन्माने मुसलमान असलेल्या या कवीच्या ग्रंथात ओवी मराठीची, परिभाषा योग व वेदान्त यांची. यावरून ते वारकरी परंपरेत पूर्णपणे विरघळून गेले, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु त्यांच्या गुरुपरंपरेतील चांद बोधले यांचे कादरी सूफी पंथाशी असलेले नाते ढेरे यांनी पुढे आणले आहे. हे नाते ध्यानात घेतले म्हणजे केवळ शब्द पाहून भागत नाही. साधना म्हणजे स्वतःच्या वासनांशी युद्ध, ही कल्पना षड्रिपूंच्या रूपाने येथे घरचीच होती. स्वतःच्या अहंशी झुंजणे हाच श्रेष्ठ संघर्ष, ही सूफींचीही शिकवण आहे. साऱ्या ग्रंथाला संग्रामाचे रूप देणाऱ्या त्या मांडणीत दोन्ही परंपरांचे धागे कसे आहेत, हा प्रश्न शब्दांच्या यादीने सुटणारा नाही; तो मांडणीच्या पातळीवरच तपासावा लागेल.

मराठीतील वीरशैव कवींचाही असाच पुनर्विचार व्हावयास हवा. निजगुण शिवयोगी यांच्या कन्नड ‘विवेकचिंतामणी’चे मराठी भाषांतर इ. स. १६०४ मध्येच झाले होते. ते शांतलिंगस्वामींचे होय. ‘परमरहस्य’कर्ते मन्मथस्वामी यांनी वीरशैव तत्त्वविचार ओवी-अभंगांत आणला. वारकऱ्यांच्या जिभेवर बसलेला छंद त्यांनी घेतला, पण आपले इष्टलिंग सोडले नाही. दोन भाषांच्या व दोन पंथांच्या सीमेवर डोळसपणे उभ्या असलेल्या या लेखकांना मराठी वाङ्मयेतिहासाने ओझरत्या उल्लेखापलीकडे स्थान दिले नाही, याचे कारण त्यांची काव्यशक्ती तोकडी होती एवढेच असेल असे वाटत नाही. ते ऋणाच्या यादीत बसत नाहीत आणि समन्वयाच्या चौकटीतही बसत नाहीत.

याच्या नेमके उलट उदाहरण गोव्यातील आहे. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मुद्रित झाले. मराठीवरील त्यांचे प्रेम व प्रभुत्व वादातीत आहे. ओवी, पुराण हा प्रकार, स्वर्गासाठी वैकुंठ हा शब्द, असे सारे साहित्य त्यांनी शेजाऱ्याकडून घेतले; मांडणी मात्र आपली ठेवली, कारण त्यांचे शिकणे शिकविण्यासाठी होते. ज्या साष्टीत त्यांनी आयुष्य वेचले तेथील देवळे त्यांच्या आगमनापूर्वी, १५६७ मध्ये, पाडली गेली होती. या परिस्थितीत ग्रंथाचे सौंदर्य कमी होत नाही. परंतु हा दोन समान शेजाऱ्यांचा संवाद होता असे म्हणणे इतिहासास सोडून होईल. शिकणाऱ्याच्या हाती सत्ता असते तेव्हा तो शब्द सहज उचलतो. स्वतःची मांडणी बदलू देणे त्यास जड जाते. शिकण्याची ही एक कसोटी मानता येईल.

७

या दृष्टीवर एक आक्षेप संभवतो. मांडणीतील साम्य हे योगायोगाने किंवा समान उगमातूनही येऊ शकते. मग प्रत्येक साम्यास शेजाऱ्याची शिकवण का म्हणावे? आक्षेप योग्य आहे. भाषाविज्ञानात त्यास उत्तर आहे. एखादे वैशिष्ट्य दूरच्या भगिनीभाषांत नसावे आणि निकटच्या परकुलीन भाषांत असावे, म्हणजे संपर्काचे अनुमान बळावते. धर्मविचारातही व्यक्ती, स्थळ आणि गुरुपरंपरा यांचा संपर्क प्रथम सिद्ध करावा लागेल. तो सिद्ध होत नसेल तेथे अभ्यासकाने थांबावे. ढेरे यांच्या संशोधनापासून समन्वय हा शब्द उचलण्यापेक्षा पुराव्याची ही शिस्त उचलणे अधिक श्रेयस्कर आहे.

सीमाभागात भाषा हा जमिनीच्या मालकीचा पुरावा झाला, आणि जनगणनेच्या रकान्यात प्रत्येकास एकच मातृभाषा मांडावी लागते. अशा काळात शेजाराच्या अभ्यासास ऋण आणि समन्वय हे दोनच मार्ग उरले, तर त्यातून एक तर भांडण निघेल, नाही तर गोड बोलून विषय टाळणे. तिसरा मार्ग मराठीच्या व्याकरणाने फार पूर्वी चोखाळला आहे. ‘आपण’ आले म्हणून मराठीने ‘आम्ही’ टाकले नाही. ऐकणाऱ्यास सामावून घेणारे सर्वनाम तिने शिकून घेतले, आणि त्यास वगळून बोलण्याचे सर्वनामही जपले. कोणत्या प्रसंगी कोणते वापरावे याचा विवेक मात्र बोलणाऱ्यावर सोपविला. सिद्धरामांच्या नगरीत मराठीचा अभ्यास करणाऱ्यास हा विवेक कन्नड वचने मुळातून वाचूनच येईल. ‘शरण’ हा शब्द आपल्याला येतो, हे क्षणभर विसरून त्याचा अर्थ पुन्हा विचारणे, येथून त्याचा आरंभ करता येईल.